निवडणुकीला आमचा विरोध नाही

महाराष्ट्रात निवडणुकीला कुणाचाच विरोध नसतो. सत्ताधारी म्हणतात, आम्ही केव्हाही तयार आहोत. विरोधक म्हणतात, हिंमत असेल तर उद्याच घ्या. आयोग म्हणतो, आमची तयारी आहे, फक्त प्रभाग येऊ द्या. सरकार म्हणतं, प्रभाग तयार आहेत, फक्त निकाल येऊ द्या. न्यायालय म्हणतं, आम्ही कुठे अडवलंय? मतदाराला कुणी विचारत नाही, पण विचारलं असतं तरी तो नाही म्हणाला नसता. भरपगारी सुट्टी कुणाला नको असते? मुलगा तयार, मुलगी तयार, दोन्हीकडचे मामा तयार, कार्यालयवाल्याला विसार दिलेला, आणि तरी चार वर्षं लग्न काही होत नाही, अशा घरासारखी आपल्या महापालिकांची अवस्था झाली होती.

मुंबई महापालिकेची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली. पुण्याची त्याच महिन्यात, १४ तारखेला. नवी मुंबई, औरंगाबाद, वसई-विरार, कोल्हापूर आणि कल्याण-डोंबिवली यांची तर २०२० मध्येच संपली होती. या सगळ्यांसाठी मतदान झालं ते १५ जानेवारी २०२६ ला. मधल्या काळात औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, एका शिवसेनेच्या दोन झाल्या, एका राष्ट्रवादीच्या दोन झाल्या. लोकसभेची निवडणूक वेळेवर झाली, विधानसभेचीही झाली. त्या निवडणुकांना शाळा मिळाल्या, शिक्षक मिळाले, पोलीस मिळाले, यंत्रंही मिळाली. नळाला पाणी का येत नाही हे ज्याला विचारायचं, तो माणूस निवडायला मात्र काही केल्या तारीख मिळेना.

आता कुणाला वाटेल की कायद्यात काही तरी त्रुटी असेल. अजिबात नाही. कायदा करणाऱ्यांनी आपल्याला पुरतं ओळखलं होतं. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून लागू झाली आणि तिने अनुच्छेद २४३ यू मध्ये लिहून ठेवलं की महापालिकेची मुदत पहिल्या बैठकीपासून पाच वर्षं, त्याहून अधिक नाही. आणि ही मुदत संपण्यापूर्वी पुढची निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. बघा, दोन वाक्यं. पहिल्या वाक्याचं पालन आपण इतकं काटेकोर केलं की मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी माजी महापौरांना गाडी नव्हती. नगरसेवकांना एक दिवसही जास्त बसू दिलं नाही. घटनेचा मान राखला. दुसऱ्या वाक्याचं काय झालं, एवढं विचारू नका. परीक्षेत दोनपैकी एक प्रश्न सोडवला की पन्नास टक्के पडतात, आणि आपल्याकडे पस्तीसला पास आहे.

या सगळ्यात खरी कलाकुसर दिसते ती तारखेला हात न लावता तारीख बदलण्यात. राज्याच्या कोणत्याही कायद्यात ‘महापालिकेची निवडणूक अमुक दिवशी’ असं लिहिलेलं नाही. त्यामुळे ‘निवडणूक पुढे ढकला’ असं विधेयक कुणाला आणावं लागत नाही. आणलं तर ते वाईटही दिसतं. त्याऐवजी तारखेच्या आजूबाजूचं एकेक सामान हलवायचं. प्रभागात किती नगरसेवक, हे बदलायचं. शहरात एकूण जागा किती, हे बदलायचं. प्रभागाची रेघ कुणी मारायची, हेही बदलायचं. एवढं सामान हलल्यावर तारीख आपोआप जागची हलते, आणि कुणी विचारलंच तर हात वर करून सांगता येतं की आम्ही तिला स्पर्शसुद्धा केला नाही.

प्रभागाचंच घ्या. मुंबईत एका वॉर्डात एक नगरसेवक, हा हिशेब टिकून आहे. बाकीच्या शहरांना ते भाग्य नाही. पुण्यात २००२ मध्ये एका प्रभागात तीन नगरसेवक होते. २००७ मध्ये एक झाला. २०१२ मध्ये दोन झाले. २०१७ मध्ये चार झाले. मग महाविकास आघाडीचं सरकार आलं, त्यांनी कायदा बदलून आधी एकचा प्रभाग केला आणि २०२१ मध्ये त्यावर फेरविचार करून तीनचा केला. ते सरकार गेलं, शिंदे-फडणवीस सरकार आलं, त्यांनी पुन्हा चारचा केला. तीन, एक, दोन, चार, एक, तीन, चार. हा कुणाचा मोबाइल नंबर असेल असं वाटतं, पण ती आपली स्थानिक लोकशाही आहे. प्रत्येक वेळी बदलाचं कारण एकच दिलं गेलं: विकास. एक असला की तो जबाबदार राहतो म्हणून विकास होतो, आणि चार असले की शक्ती वाढते म्हणून विकास होतो. चौघांचा प्रभाग झाल्यावर आमच्या गल्लीतल्या खड्ड्याला चार पालक मिळाले आणि तो अनाथ झाला.

माझ्या इमारतीने या काळात एक इंचही जागा सोडलेली नाही. (पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत, पण त्यालाही सर्व सभासदांची संमती असल्यामुळे ते इतक्यात होणार नाही.) तरी ती तीन वेगवेगळ्या प्रभागांत राहून आली. एकदा आम्ही ओढ्याच्या अलीकडच्यांबरोबर होतो, एकदा पलीकडच्यांबरोबर. प्रारूप रचना जाहीर झाली की सोसायटीच्या ग्रुपवर नकाशा येतो. त्यात आपली इमारत शोधायला घरातला सर्वात तरुण डोळा लागतो. मग कुणी तरी म्हणतं, रेघ बरोबर आपल्या गेटवरून गेली आहे. म्हणजे वॉचमन एका प्रभागात आणि चेअरमन दुसऱ्या. हरकती व सूचना मागवल्या जातात. आम्ही हरकत घेतो. सुनावणी होते. सुनावणीत आम्हाला कळतं की ज्या रचनेला आम्ही हरकत घेतली तीच आता रद्द झाली आहे, त्यामुळे आमची हरकत निकाली निघाली. महापालिकेच्या इतिहासात नागरिकांची हरकत इतक्या पूर्णपणे मान्य झाल्याचं दुसरं उदाहरण नसेल.

पुण्याच्या आकड्यांवरून नुसती नजर फिरवली तरी गंमत कळते. २०१७ मध्ये १६२ नगरसेवक होते. २०२२ च्या तयारीत ५८ प्रभाग आणि १७३ नगरसेवक ठरले. प्रत्यक्ष निवडणूक आली तेव्हा ४१ प्रभाग आणि १६५ नगरसेवक. म्हणजे आठ नगरसेवक असे होते की जे कागदावर जन्मले, ज्यांच्यासाठी उमेदवारांनी तयारी केली, आणि जे कुणी न पाहता गेले. मुंबईत असे नऊ होते. तिथल्या २२७ जागांच्या आधी २३६ झाल्या, कारण लोकसंख्या वाढली असणार. ‘असणार’ म्हणायचं कारण असं की २०२१ ची जनगणना झालेलीच नव्हती. मग ऑगस्ट २०२२ मध्ये नव्या सरकारने अध्यादेश काढून त्या पुन्हा २२७ केल्या. मुंबईची लोकसंख्या सरकार बदललं की कमी होते, हा लोकसंख्याशास्त्रातला महत्त्वाचा शोध म्हणायला हवा. इतका साधा उपाय असताना लोक उगाच लोकलच्या फेऱ्या वाढवा म्हणून ओरडतात.

शेवटी २०२५ मध्ये जी रचना झाली ती २०११ च्या जनगणनेवर. त्या जनगणनेच्या वेळी जी मुलं तीन-चार वर्षांची होती आणि प्रगणक दारात आल्यावर आईच्या मागे लपली होती, ती १५ जानेवारीला बोटाला शाई लावून आली.

आरक्षणाचा प्रश्न मात्र थट्टेचा नाही. ४ मार्च २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की स्थानिक संस्थांमध्ये ओबीसी आरक्षण द्यायचं तर आधी आयोग नेमा, मागासलेपणाची माहिती गोळा करा आणि एकूण आरक्षण ५० टक्क्यांच्या आत ठेवा. ज्यांचं राजकीय प्रतिनिधित्व पणाला लागलं त्यांच्यासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न होता. पण त्यातून सरकारने जो रस्ता काढला, त्याकडे पाहून मी आजही नतमस्तक होतो. मार्च २०२२ मध्ये विधिमंडळाने कायदा केला की प्रभागरचनेचं काम राज्य निवडणूक आयोगाऐवजी सरकार करेल, म्हणजे आरक्षणाचा प्रश्न सुटेपर्यंत वेळ मिळेल. ज्या सभागृहात एकमेकांचं तोंड पाहायला लोक तयार नव्हते, तिथे हे विधेयक एकमताने मंजूर झालं. एकमताने! महाराष्ट्राच्या त्या वर्षातल्या राजकारणात एकमताने झालेली दुसरी गोष्ट मला तरी आठवत नाही. त्याच वर्षी जूनमध्ये शिवसेनेचे बहुसंख्य आमदार सुरतमार्गे गुवाहाटीला गेले, पण तेही एकमताने गेले नव्हते.

त्यानंतर न्यायालय आणि सरकार यांच्यात कालगणनेचा एक खेळ सुरू झाला. ४ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं, दोन आठवड्यांत निवडणुका जाहीर करा. चोवीसशेहून अधिक स्थानिक संस्था तेव्हा लोकप्रतिनिधींविना होत्या. २० जुलैला ओबीसी आरक्षणासाठी नेमलेल्या बांठिया आयोगाचा अहवाल मान्य करून पुन्हा म्हणालं, दोन आठवड्यांत. ऑगस्टमध्ये प्रभागांवरून नवा वाद न्यायालयात गेला आणि २२ तारखेला ‘जैसे थे’चा आदेश झाला, तो पाच आठवड्यांसाठी. हे पाच आठवडे ६ मे २०२५ पर्यंत चालले. त्या दिवशी आदेश आला: चार आठवड्यांत अधिसूचना, चार महिन्यांत निवडणुका. चार महिने संपले तेव्हा नवी तारीख पडली: ३१ जानेवारी २०२६ पर्यंत. जिल्हा परिषदांसाठी ती आणखी वाढून १५ फेब्रुवारी झाली. एरवी आपल्याकडे गॅसवाला ‘उद्या’ म्हणतो त्याचा अर्थ परवा असतो हे आपण अनुभवाने शिकलेलो आहोत, पण ‘पाच आठवडे’ म्हणजे पावणेतीन वर्षं हे कोष्टक कुठल्याही पाढ्यांच्या पुस्तकात नव्हतं.

कारणांचं काय, कारणं ऋतूप्रमाणे मिळतात. मे महिन्यात पाऊस येणार असतो. २०२२ मध्ये पावसाचं कारण पुढे आलं तेव्हा न्यायालयाने सांगितलं की जिथे पाऊस कमी तिथे आधी घ्या, कोकण-मुंबईत पावसाळ्यानंतर घ्या. हा तोडगा वाचून मराठवाड्यातल्या माणसाला कसं वाटलं असेल? आयुष्यभर पाऊस पडत नाही म्हणून जे मागे राहिले, ते त्याच कारणामुळे पहिल्यांदा पुढे येणार होते. अर्थात तसं काही झालं नाही. पाऊस संपला की गणपती, गणपती संपले की नवरात्र, मग दिवाळी, मग बोर्डाच्या परीक्षा. सप्टेंबर २०२५ मध्ये मुदतवाढ मागताना सण होते, परीक्षा होत्या, कर्मचारी कमी होते, मतदानयंत्रं कमी होती. त्यावर, परीक्षा मार्चमध्ये आहेत, त्यांचा इथे काय संबंध, अशा अर्थाचं न्यायालयाने सुनावलं. आमच्या शाळेत एक मास्तर होते, गृहपाठ न करण्याचं कारण सांगितलं की ते शांतपणे विचारायचे, आजी या वर्षात कितव्यांदा वारली?

पावसाचं कारण गोव्यानेही देऊन पाहिलं. २०२२ च्या जूनमध्ये तिथल्या ग्रामपंचायतींची मुदत संपत होती. सरकारचं म्हणणं, पावसाळ्यात कसं काय घेणार? उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ४५ दिवसांची मुदत घातली आणि १० ऑगस्टला, भर पावसाळ्यात, मतदान झालं. गोव्याचा माणूस पावसात छत्री घेऊन मासळी बाजारात जातो, तर मतदान केंद्रावर का जाणार नाही, हे न्यायालयाच्या लक्षात आलं असावं. त्याआधी मार्च २०२१ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाला एक वेगळीच गोष्ट सांगावी लागली होती. गोव्यात राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार सरकारच्याच कायदा सचिवांकडे होता. सकाळी सरकार म्हणून पत्र पाठवायचं आणि दुपारी आयोग म्हणून ते वाचायचं, यात टपालखर्चाची बचत होते हे खरं. पण न्यायालयाला ती पटली नाही.

आंध्र प्रदेशात नाटक उलटं झालं. तिथे सरकारला निवडणूक हवी होती. मार्च २०२० मध्ये करोना आला म्हणून निवडणूक आयुक्तांनी ती पुढे ढकलली. सरकारला राग आला. सरकारने तारखेऐवजी आयुक्तांचीच मुदत बदलली. एप्रिलमध्ये अध्यादेश काढून ती पाचवरून तीन वर्षांवर आणली. म्हणजे आयुक्त सकाळी उठले तेव्हा निवृत्त झालेले होते. मे महिन्यात उच्च न्यायालयाने तो अध्यादेश रद्द केला. बंगळूरुने याहून मूलगामी उपाय शोधला. तिथल्या महापालिकेची मुदत २०२० मध्ये संपली, निवडणूक काही झाली नाही, आणि २०२५ मध्ये त्या एका महापालिकेच्या जागी पाच महापालिका आल्या. एका मुलाचा निकाल पाच वर्षं लागत नाही म्हटल्यावर शाळेने त्याच्या जागी पाच मुलं दाखवली, तर बापाने काय बोलावं?

नगरसेवक नसताना शहरं बंद पडली असती तर हा सगळा प्रकार दोन महिन्यांत मिटला असता. दुर्दैवाने ती चालू राहिली. प्रशासक आले. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यात निवडणूक होऊ शकली नाही म्हणून प्रशासक बसवायची सोय नव्हती, ती २०२२ च्या सुरुवातीला दुरुस्ती करून घेण्यात आली. प्रशासक म्हणजे आयुक्तच. आधी आयुक्त प्रस्ताव मांडायचे, स्थायी समिती तो फेटाळायची, मग चहा व्हायचा, मग मंजूर करायची. या काळात आयुक्त प्रस्ताव मांडायचे, प्रशासक त्याचा सांगोपांग विचार करायचे, आणि दोघांचं एकमत व्हायचं. अर्थसंकल्पही आयुक्तांनी तयार करायचा आणि प्रशासकांनी स्वीकारायचा. मुंबईचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. एवढी रक्कम एका खुर्चीतून त्याच खुर्चीत सादर होताना सभागृहात किती शांतता असेल! इचलकरंजी २०२२ मध्ये आणि जालना २०२३ मध्ये महापालिका झाल्या. त्यांनी तर नगरसेवक पाहण्याआधी प्रशासकच पाहिला. तिथल्या लहान मुलांना लोकप्रतिनिधी म्हणजे काय हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकातच वाचावं लागलं.

या चार वर्षांत सर्वात जास्त हाल झाले ते इच्छुकांचे. इच्छुक ही एक स्वतंत्र जमात आहे. उमेदवाराला पक्ष असतो, नगरसेवकाला निधी असतो, मतदाराला मत असतं. इच्छुकाला फक्त इच्छा असते, आणि ती स्वखर्चाने टिकवावी लागते. आमच्या भागातले इच्छुक, सगळे त्यांना भाऊ म्हणतात, यांनी २०२१ च्या दिवाळीत पहिलं उटणं वाटलं. उटण्याच्या पाकिटावर ‘भावी नगरसेवक’ असं लिहिलेलं होतं. २०२२ मध्ये निवडणूक होणार म्हणून त्यांनी अष्टविनायकाच्या बसगाड्या काढल्या. झाली नाही, म्हणून तुळजापूरच्या काढल्या. तरीही झाली नाही, तेव्हा गाड्या उज्जैनपर्यंत गेल्या. आमच्या भागातल्या ज्येष्ठ नागरिकांची एवढी तीर्थक्षेत्रं या काळात झाली की निवडणूक आणखी दोन वर्षं लांबती तर चारधाम नक्की होते. दोन आजोबा तर उघडच म्हणायचे, न्यायालयाने घाई करू नये.

दर डिसेंबरात भाऊ कॅलेंडर वाटत. त्यावर एकादश्या, संकष्ट्या, बँकेच्या सुट्ट्या, ग्रहणं, सगळं असे. एक तारीख सोडून.

‘काय भाऊ, कधी?’ असं विचारलं की पहिल्या वर्षी ते तारीख सांगायचे. दुसऱ्या वर्षी महिना सांगू लागले. तिसऱ्या वर्षी सुनावणी सांगू लागले. बारावीत गटांगळ्या खाल्लेला हा माणूस ‘ट्रिपल टेस्ट’, ‘इम्पिरिकल डेटा’, ‘स्टेटस को’ असे शब्द चहाच्या टपरीवर इतक्या सहज वापरू लागला की टपरीवाला त्याला ‘वकीलसाहेब’ म्हणायला लागला. मग आरक्षणाची सोडत झाली. २०२२ च्या सोडतीत भाऊंची जागा महिलांसाठी गेली. एका रात्रीत सगळ्या फ्लेक्सवर भाऊंचा फोटो बोटाएवढा झाला आणि वहिनींचा दरवाजाएवढा. वहिनी आधी लाजत होत्या. मग हळदीकुंकू सुरू झालं, बचत गट सुरू झाले, योगवर्ग सुरू झाला, आणि वहिनींना ते सगळं आवडायला लागलं. पुढे रचनाच बदलली. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्याने सोडत निघाली, त्यात सर्वसाधारण जागा आली, म्हणजे भाऊंचा रस्ता मोकळा. पण तोवर पक्षाच्या कार्यालयातून जो फोन आला तो वहिनींना आला. भाऊ आता वहिनींच्या फ्लेक्सच्या खालच्या कोपऱ्यात ‘शुभेच्छुक’ आहेत. स्थानिक स्वराज्य संस्थांमधला महिला सक्षमीकरणाचा एवढा स्वच्छ विजय कुठल्याही सरकारी योजनेने मिळवून दिलेला नाही. निव्वळ उशिराने दिला.

शेवटी तारखा आल्या आणि त्याही एकेक करून घसरायला लागल्या. नगर परिषदा आणि नगर पंचायतींचं मतदान २ डिसेंबर २०२५ ला होतं, मोजणी ३ तारखेला. काही ठिकाणी उमेदवारी अर्जांवरच्या अपिलांचा निकाल उशिरा लागल्यामुळे तिथलं मतदान २० डिसेंबरवर गेलं. मग उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मतदानाच्याच दिवशी सांगितलं की सगळ्यांची मोजणी एकदमच, २१ डिसेंबरला. लोक सकाळी मत देऊन आले आणि संध्याकाळी कळलं की निकाल अठरा दिवस पुढे गेला. यंत्रं कुलपात गेली, आणि कार्यकर्ते कुलपाबाहेर शेकोटी पेटवून बसले. या काळात गावोगाव दोन्ही बाजूंनी विजयी मिरवणुकीसाठी ट्रॅक्टर ठरवला होता, आणि बऱ्याच ठिकाणी तो एकाच माणसाचा होता. अठरा दिवस तो माणूस दोन्ही गटांचा अत्यंत निष्ठावान कार्यकर्ता होता.

महापालिकांसाठी आयोगाने १५ जानेवारी निवडली. १४ ला संक्रांत, म्हणजे १५ ला किंक्रांत. ज्या दिवशी आमच्या आजीने घरात साधं लोणचं घालू दिलं नसतं, त्या दिवशी २९ महापालिकांमधल्या २८६९ जागांचं भवितव्य यंत्रात बंद झालं. चार वर्षं थांबून शेवटी करिदिन मिळाला, यावर काही इच्छुकांनी ज्योतिषांकडे धाव घेतली. ज्योतिषांचा सल्ला समजूतदार होता: दिवस सगळ्यांनाच सारखा वाईट आहे, त्यामुळे कुणी तरी निवडून येईलच. आदल्या दिवशी लोक एकमेकांना तिळगूळ देऊन गोड बोलायला सांगत होते, आणि तो सल्ला उमेदवार वगळता सर्वांनी पाळला.

आता प्रश्न उरतो तो असा, की सगळ्यांना हवी असलेली गोष्ट इतकी वर्षं झाली का नाही? माझं उत्तर साधं आहे. तारखेच्या आजूबाजूचं सामान हलवण्याचा अधिकार विधानसभेला आहे, आणि तिथल्या आमदाराला नगरसेवक नसल्याने काही त्रास होत नाही. उलट गटाराच्या झाकणाच्या उद्घाटनालाही त्यालाच बोलावलं जातं. त्याच्या मतदारसंघात जे पाच-सहा होतकरू लोक उद्या त्याच्याच तिकिटावर डोळा ठेवणार, ते सगळे तोवर उज्जैनच्या गाड्यांची व्यवस्था पाहत असतात. उशिराचं बिल ज्यांच्या नावे फाटतं ते आपण, आणि पावती-पुस्तक ज्यांच्या हातात आहे ते दुसरेच.

आणि पुढचा अंक आत्ताच लिहून तयार आहे. या महापालिकांची मुदत २०३१ च्या सुरुवातीला संपेल. मधे २०२७ ची जनगणना आहे. तिचे आकडे आले की लोकसंख्या वाढलेली असेल, म्हणून जागा वाढतील. जागा वाढल्या की रेघा बदलतील, रेघा बदलल्या की हरकती येतील, हरकतींवर याचिका येतील, आणि कुणी तरी अत्यंत दुःखी चेहऱ्याने सांगेल की प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. शिवाय २०३१ हे स्वतःच दहा वर्षांच्या जुन्या हिशेबाने जनगणनेचं साल. म्हणजे जुने आकडे शिळे झाले आणि नवे यायचे आहेत, ही सबबही हाताशी आहे.

म्हणून माझा एककलमी मसुदा आहे, तो कुणीही अशासकीय विधेयक म्हणून मांडावा. ज्या शहराच्या महापालिकेची मुदत निवडणुकीविना संपेल, त्या शहरातल्या आमदारांचं वेतन, भत्ते, गाडीवरची पाटी आणि लग्नपत्रिकेतलं ‘प्रमुख उपस्थिती’ हे स्थान नवे नगरसेवक निवडून येईपर्यंत स्थगित राहील. बस्स. एवढं एक कलम कायद्यात बसवा, आणि मग बघा, जुलै महिन्यात, भर पावसात, दहावीची पुरवणी परीक्षा चालू असताना, आंबोलीच्या धबधब्याखालीसुद्धा मतदान केंद्र उभं राहतं की नाही.